लोखंड आणि कागद

रस्त्यावरची गाडी अडवायची कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. मोटार आल्यावर तो अवघड झाला, एवढेच. बैलगाडीचे जू मोडले, टांग्याचे चाक डुगडुगू लागले किंवा घोडा लंगडू लागला, तर ते ओळखायला कोणी तज्ज्ञ लागत नसे. वाटेवरचे पोरसुद्धा ओरडून सांगे, “ओ टांगेवाले, घोडं लंगडतंय तुमचं!” मोटारीचे तसे नाही. तिचे दुखणे पत्र्याच्या पोटात असते. नव्या रंगाची, पुढे लिंबू-मिरची बांधलेली, मागे देवाचे नाव मिरवणारी गाडी घाटाच्या उतारावर ब्रेकविना सुटणार आहे, हे चौकातल्या शिपायाला कसे कळावे? आणि कळले नाही, तर त्याने अडवावे काय?

त्याने कागद अडवावा, असे उत्तर कायद्याने शोधून काढले. गाडी जप्त करण्याच्या पोलिसी अधिकाराचा इतिहास वाचताना मला पुनःपुन्हा हेच दिसत गेले. न दिसणाऱ्या लोखंडाऐवजी दिसणारा कागद धरण्याचा तो इतिहास आहे. त्यात लबाडी कोणाची नाही, सोय मात्र पुष्कळांची आहे. ही सोय कशी घडत गेली आणि तिची किंमत कोण मोजतो, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

आरंभ मुंबईपासून करू. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांसाठी मुंबई सरकारने १८६३ साली एक कायदा केला. भाड्याच्या गाडीला परवाना हवा, असे त्याचे मुख्य सूत्र. १९२० साली त्याच नावाचा नवा कायदा त्याच्या जागी आला. मधल्या काळात, १८९० साली, जनावरांना निर्दयपणे वागविण्याविरुद्धचा कायदा साऱ्या हिंदुस्थानासाठी झाला. आजारी, जखमी किंवा काम करण्यास असमर्थ जनावर गाडीला जुंपणे हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर १९६० साली या विषयावर नवा कायदा झाला. त्यात एक कलम आहे, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटते. ज्या जनावराच्या बाबतीत असा गुन्हा घडला त्याला दवाखान्यात किंवा पांजरपोळात पाठवावे, ते आपले नेहमीचे काम करण्यास पुन्हा समर्थ होईपर्यंत तेथे ठेवावे, आणि मग सोडावे, असे मॅजिस्ट्रेटला सांगता येते.

या कलमातली न्यायबुद्धी साधी आहे. दोष दिसला, म्हणून जनावर अडवले. दोष बरा करण्यासाठी ठेवले. बरा झाला, म्हणून परत दिले. मालकाला शिक्षा व्हायची ती वेगळी. जनावराला कोंडून कुजवणे हा त्या अडवणुकीचा हेतू नव्हे. वाचकांनी हा पांजरपोळाचा न्याय ध्यानात ठेवावा, कारण पुढे मोटारीच्या प्रकरणात आपण तो शोधणार आहोत.

मोटारीचा कायदा आपल्याकडे विलायतेहून आला, म्हणून क्षणभर तिकडे जाणे भाग आहे. रस्त्यावरून वाफेवर चालणाऱ्या अवजड यंत्रांना आवर घालण्यासाठी तेथे १८६५ साली कायदा झाला. खेड्यात ताशी चार मैल, गावात ताशी दोन मैल ही मर्यादा. गाडीबरोबर तीन माणसे, आणि त्यांतला एक साठ यार्ड पुढे लाल निशाण घेऊन पायी चाललेला! आज हे वाचून हसू येते. परंतु त्या कायद्याची नजर निदान यंत्रावर होती. हे धूड धोक्याचे आहे, लोकांना आधी सांगा, एवढे त्याला कळत होते. १८९६ साली मोटारींपुरते हे जोखड निघाले आणि त्या पळू लागल्या. मग प्रश्न उभा राहिला, पळून गेलेल्याला ओळखायचे कसे? १९०३ च्या कायद्याने उत्तर दिले. गाडीला नोंदणी, आणि अंगावर क्रमांक.

याच कायद्यातली एक तरतूद बोलकी आहे. बेफाम गाडी हाकणाऱ्याला शिपाई वॉरंटाशिवाय धरू शके, पण केव्हा? त्याने नावपत्ता सांगण्यास किंवा लायसन दाखविण्यास नकार दिला, अथवा गाडीवर क्रमांकच नसला, तर. म्हणजे ज्याचा ठावठिकाणा कागदावर आहे त्याला आज जाऊ द्या, उद्या समन्स पाठवता येईल. ज्याला कागदावर अस्तित्वच नाही, त्याला मात्र इथेच थांबवा. नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा विचार उत्तमच होता. पण त्याने एक गोष्ट कायमची ठरून गेली. रस्त्यावर पोलिसाचा हात आधी कागदाकडे जाणार.

आपल्याकडे सुरुवातीला काही प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि १९१४ साली साऱ्या देशासाठी पहिला मोटार कायदा झाला. नोंदणी, लायसन, वेडीवाकडी गाडी हाकण्यास मनाई, असा तो आटोपशीर कायदा होता. मोटारीच थोड्या, तेव्हा तेवढ्याने भागे. पण पहिल्या महायुद्धानंतर मोटार ही साहेबाची आणि संस्थानिकाची चैन राहिली नाही. ती गावोगावच्या बाजाराला जाऊ लागली. १९२७ साली रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते हा साऱ्या राष्ट्राचा प्रश्न आहे, तो एकट्या जिल्हा बोर्डांच्या बळावर सुटणार नाही, असे या समितीने १९२८ साली सांगितले. तिच्याच शिफारशीवरून पेट्रोलवरील कराचा एक भाग रस्त्यांच्या निधीसाठी राखला जाऊ लागला.

रस्ते सुधारले, गाड्या वाढल्या, आणि मग ज्याला खरी धडकी भरली तो रेल्वेचा हिशेबनीस. रुळांच्या शेजारून जाणाऱ्या सडकेवर खाजगी मोटारवाला थोडक्या पैशात उतारू भरू लागला. १९३२ साली मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांकडे रेल्वे आणि मोटार यांच्या स्पर्धेची चौकशी सोपविली गेली, आणि पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला. १९३९ चा मोटार कायदा घडला तो या चिंतेच्या छायेत. भाड्याने धावणाऱ्या प्रत्येक गाडीला परमिट हवे, कोणत्या मार्गावर किती गाड्या धावाव्यात ते अधिकारी ठरवणार, अशी व्यवस्था त्यात आली. अनिर्बंध स्पर्धेतून गाड्यांची दुर्दशा होते आणि उतारूंचे हाल होतात, हेही खरेच होते. परंतु परमिटाच्या मुळाशी रेल्वेचे उत्पन्न होते, हे विसरून चालणार नाही. मौज अशी, की याच कायद्यात अपघातात सापडलेल्या परक्या माणसासाठी सक्तीच्या विम्याचे प्रकरणही होते. पण परमिट लगेच आले, आणि विम्याची सक्ती अमलात यायला १९४६ साल उजाडावे लागले.

या कायद्यात लोखंडाचा विचार नव्हता असे नव्हे. नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा गाडीत फेरफार करण्याविषयी एक कलम होते. गाडी रस्त्यावर चालणे धोक्याचे असेल तर नोंदणी तहकूब करण्याविषयी दुसरे होते. भाड्याच्या गाड्यांना योग्यतेचा दाखला हवा, असे तिसरे होते. आपण ज्याला बोलण्यात ‘पासिंग’ म्हणतो, तो हाच दाखला. पण गाडी जागच्या जागी अडवून ठेवण्याचा स्वतंत्र अधिकार कायद्यात आला तो १९५६ च्या दुरुस्तीने, आणि तो दिला गेला दोन कारणांसाठी. नोंदणी नसणे आणि परमिट नसणे. लक्षात घ्या, ब्रेक नसणे हे त्या यादीत नव्हते.

त्याच १९५६ च्या दुरुस्तीने आणखी एक प्रकरण कायद्यात घातले. सरकारी परिवहन संस्थांना एखादा मार्ग पूर्णपणे स्वतःकडे घेता यावा, यासाठीचे ते प्रकरण. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. धावली होती. खेड्यापाड्याला जोडणाऱ्या त्या गाडीचे उपकार महाराष्ट्र कधी विसरणार नाही, आणि ज्या गावात दुसरे काही जात नाही तेथे एस.टी. जावी म्हणून तिच्या भरल्या मार्गाचे संरक्षण करावे लागते, हा युक्तिवादही मला मान्य आहे. तरी इतिहास म्हणून एवढे नोंदवलेच पाहिजे, की गाडी जप्त करण्याचा अधिकार आपल्या देशात ज्या कारणांनी जन्मला, त्यांत आधी रेल्वेचे आणि मग सरकारी मोटारीचे उत्पन्न मोठे होते. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाचा जीव त्यात होताच, पण पाठीमागच्या बाकावर.

१९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि पुष्कळ दुरुस्त्यांसह आजही तोच चालू आहे. त्यातले २०७ वे कलम म्हणजे जप्तीचे कलम. लायसन नसता गाडी हाकणे, कोवळ्या वयाच्या मुलाने हाकणे, नोंदणीवाचून गाडी वापरणे, परमिटावाचून किंवा परमिटातल्या ठरावीक अटी मोडून भाडे मारणे, अशा कारणांसाठी पोलीस गाडी ताब्यात घेऊन अडवून ठेवू शकतात. त्यातल्या काही प्रसंगी गाडीऐवजी नोंदणीपत्र ठेवून घ्यावे आणि पावती द्यावी, अशी मुभाही आहे. मालकाने कागदपत्रे दाखवून परिवहन अधिकाऱ्याकडे अर्ज केला, की तपासणी करून गाडी सोडता येते. सारा व्यवहार कागदाने सुरू होतो आणि कागदाने संपतो.

मग धोक्याच्या गाडीचे काय? तिला पकडायचे झाले तर कायद्याला वळसा घ्यावा लागतो. भाड्याच्या गाडीकडे योग्यतेचा दाखला नसेल तर तिची नोंदणीच वैध समजू नये, असे ५६ वे कलम म्हणते. नोंदणी वैध नाही, म्हणजे २०७ वे कलम लागू. याचा अर्थ असा, की ज्या ट्रकचा दाखला काल संपला आणि ज्याचे ब्रेक ठणठणीत आहेत तो अडकतो. ज्याचा दाखला आणखी सहा महिने चालणार आहे आणि ज्याचे ब्रेक गेले आहेत तो कागद दाखवून पुढे जातो. सदोष गाडी चालविल्याबद्दल १९० व्या कलमाखाली शिक्षा आहे, नाही असे नाही. पण ती दोष सिद्ध झाल्यावर. घरच्या मोटारीचे तर आणखी बरे. तिची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि तेवढ्या काळात तिच्या लोखंडाची नियमाने विचारपूस करणारा तिचा मिस्त्रीच काय तो असतो.

आम्हा शाळामास्तरांना हे कोडे अनोळखी नाही. हजेरीपुस्तकात मुलगा हजर असतो, सही-शिक्क्यानिशी हजर असतो. तपासणीला आलेले साहेब पुस्तक पाहतात आणि समाधानाने मान डोलावतात. त्या मुलाला त्या दिवशी भागाकार समजला की नाही, हे हजेरीपुस्तक सांगत नाही. ते सांगायला फळ्यासमोर उभे करून गणित घालावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हजेरीपुस्तक फाडून टाकावे असे कोणी म्हणणार नाही. पण हजेरी म्हणजेच विद्या, असे समजण्याची चूक मात्र होऊ नये.

पांजरपोळाचा न्याय या कायद्यात कोठे आहे? आहे, ५३ व्या कलमात आहे. गाडीची स्थितीच अशी असेल की ती रस्त्यावर आल्यास लोकांना धोका आहे, तर तिची नोंदणी दोष दूर होईपर्यंत तहकूब करता येते. शब्द नेमके तेच. दोष दूर होईपर्यंत. मालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधीही आहे. पण हा अधिकार नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे शहाणपणाचे कलम कार्यालयातल्या टेबलाशी बसले आहे, आणि धोक्याची गाडी तिकडे घाटात आहे. दोघांची गाठ पडते ती बहुधा अपघातानंतर. अपघात झाला, की अधिकृत तपासनीस येऊन गाडीचे लोखंड बारकाईने पाहतो, ब्रेक, स्टिअरिंग, टायर सारे तपासून अहवाल देतो. जे डोळे आधी हवे होते ते प्रेताशेजारी उघडतात.

आता फेरफार केलेल्या गाड्यांकडे वळू. आपला देश कारागिरांचा. गाडी विकत घेतली तशीच वापरायची, हे आपल्याला पटतच नाही. बॉडी वाढवायची, पाटे जाड करायचे, हॉर्न बदलायचा. १९८८ चा कायदा मुळात या वृत्तीशी जुळवून घेणारा होता. फेरफार करण्याआधी अधिकाऱ्याला कळवा, सात दिवसांत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजा, अशी त्यात सोय होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती मोडली. कारखानदाराने जो तपशील मुळात ठरविला त्याच्याशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असा नियम झाला. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमावर ठसठशीत शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मात्र त्याच दुरुस्तीने एक दार उघडे ठेवले, आणि ते ठेवले नसते तर कायदा माणुसकीला मुकला असता. अपंग माणसाला वापरता यावी म्हणून गाडीत फेरफार करता येतो. मागे दोन जास्तीची चाके लावलेल्या स्कूटरवरून कामाला जाणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. तो फेरफार म्हणजे त्याचे पाय आहेत.

दुसरे टोक म्हणजे राजस्थान, उत्तर प्रदेश, पंजाब या बाजूचे ‘जुगाड’. विहिरीवरच्या पंपाचे डिझेल इंजिन, मोडीत निघालेल्या जीपची चाके आणि गिअर, वर लाकडी फळ्या. झाली गाडी. तिला कारखाना नाही, नोंदणी नाही, क्रमांक नाही, विमा नाही. शेतमाल आणि वऱ्हाडी दोन्ही तीतून जात. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जुगाड हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येतली मोटारच आहे, आणि कायद्याच्या अटी पाळल्यावाचून ती रस्त्यावर येता कामा नये. निकाल चूक म्हणता येणार नाही. जुगाडाखाली सापडलेल्याच्या वारसांनी भरपाई मागायची कोणाकडे? पण त्या गाडीत बसणारा माणूस हौसेने बसत नव्हता. त्याच्या गावी दुसरी गाडीच येत नव्हती. आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या बाजूला ज्याला ‘वडाप’ म्हणतात, त्या कोंबून भरलेल्या जीपचेही मूळ हेच. परीक्षेच्या दिवशी एस.टी. चुकलेली पोरे वडापच्या टपाशी लोंबकळत येतात, तेव्हा त्यांना परमिटाचे कलम समजावून सांगण्याचा धीर कोणा मास्तरला होईल?

शहरात फेरफाराचे रूप वेगळे. तेथे बुलेटच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली असते. रात्री अकरा वाजता ती फटफटी गल्लीतून गेली, की पाळण्यातले मूल दचकते आणि म्हातारा छातीवर हात ठेवून उठून बसतो. पोलीस अशा गाड्या धरतात, सायलेन्सर उतरवून घेतात आणि मग ते रांगेने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. गल्लीतल्या म्हाताऱ्याला बरे वाटते, आणि मलाही वाटते, हे लपवून काय उपयोग? पण २०७ व्या कलमाच्या यादीत सायलेन्सर कोठेच नाही. आवाजाची मर्यादा नियमांत डेसिबलने ठरवून दिली आहे. ती मोडली की नाही हे मोजायचे यंत्र असते, आणि ते रोडरोलर नव्हे.

मोजमाप हाती असले म्हणजे कायदा किती सरळ होतो, याची दोन उदाहरणे याच कायद्याच्या इतिहासात आहेत. पहिले ओझ्याचे. ट्रक जादा भरला आहे असा संशय आला, तर त्याला वजनकाट्यावर नेण्याचा अधिकार आहे. काटा जे सांगेल ते मालकाला, पोलिसाला आणि न्यायालयाला सारखेच दिसते. वजन जास्त भरले तर दंड आहेच, शिवाय जादा माल उतरवल्यावाचून गाडी हलवायची नाही, असा हुकूम देता येतो. माल उतरला, गाडी मोकळी. दुसरे काळ्या काचांचे. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याची टूम निघाली होती. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ मेपासून अशा सर्व फिल्मांना बंदी केली, आणि पोलिसांनी चलान तर करावेच, पण फिल्मही उतरवावी, असे सांगितले. दोष गेला, गाडी घरी गेली. या दोन्ही ठिकाणी पांजरपोळाचाच न्याय आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो शक्य झाला याचे कारण एकच. दोष रस्त्यावरच डोळ्यांना दिसत होता किंवा काट्यावर मोजता येत होता.

जेथे दोष दिसत नाही आणि मोजायला साधन नाही, तेथे दोनच गोष्टी घडतात. कायदा एक तर आंधळा होतो, नाही तर निर्दय. आंधळेपणा आपण पाहिला. निर्दयपणा पाहायचा असेल तर कोणत्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्याचे आवार पाहावे. काही गाड्या कागदाअभावी आलेल्या, काही अपघातातल्या, काही चोरीच्या संशयावरून मुद्देमाल म्हणून धरलेल्या. टायर जमिनीत रुतलेले, गादीतून गवत उगवलेले, काचेवर खडूने लिहिलेला गुन्ह्याचा नंबर पावसाने पुसलेला. दिवसा त्यातून एखादा आरसा नाहीसा होतो, रात्री बॅटरी. ज्याने कर्ज काढून टेम्पो घेतला त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला बिनचूक चालू असतो. १ ऑक्टोबर २००२ रोजी गुजरातेतून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी स्वच्छ शब्दांत सांगितले. जप्त गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. मॅजिस्ट्रेटने पंचनामा आणि छायाचित्रे करून, योग्य हमी आणि जामीन घेऊन, त्या तात्काळ सोडण्याचे हुकूम करावेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कार्यपद्धतीचा जो नवा कायदा आला, त्यातही जप्त वस्तूंची छायाचित्रे घेऊन त्यांची विल्हेवाट लवकर लावण्यासाठी मुदती घातल्या आहेत. कायदा पुनःपुन्हा तेच सांगतो आहे, आणि आवारातले गवत पुनःपुन्हा उगवते आहे.

आणि समजा, गाडीच्या तपासणीचा दाखला खरोखर लोखंडाची साक्ष देणारा असता, तर कागदावर विसंबायला हरकत नव्हती. तो तसा असतो का? पुण्याच्या एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि दाखला देण्यापूर्वी गाड्यांची तपासणी नीट होत नाही, हे दाखवून दिले. ब्रेक तपासायचे तर गाडी वेगात आणून थांबवून पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी अडीचशे मीटरांची धावपट्टी हवी. ती पुष्कळ परिवहन कार्यालयांकडे नव्हतीच! २०१६ साली न्यायालयाने अशा धावपट्ट्या बांधण्याचा आदेश दिला, आणि २०१७ च्या अखेरीस जेथे त्या नव्हत्या तेथे दाखले देण्याचे काम न्यायालयाच्या हुकमाने थांबवावे लागले. म्हणजे त्याआधी किती गाड्यांच्या कागदावर ब्रेक होते आणि चाकांना नव्हते, याची कल्पना वाचकांनीच करावी. २०२१ पासून यंत्राने तपासणी करणारी केंद्रे उभारण्याचे नियम झाले आहेत. दिशा योग्य आहे. यंत्र चिरीमिरी घेत नाही. यंत्राजवळ उभा असलेला माणूस घेणार नाही, एवढे पाहावे लागेल.

ज्यांच्याकडून आपण कागद घेतला त्या इंग्रजांनी पुढे काय केले, तेही सांगितले पाहिजे. १९६० साली तेथे दहा वर्षांहून जुन्या घरच्या मोटारींचीही ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली, आणि १९६७ साली ही वयोमर्यादा तीन वर्षांवर आली. रस्त्यावर गाडीचे लोखंड तपासण्याचे काम तेथे त्यासाठी नेमलेले तपासनीस करतात. साधी शंका असेल तर चालक ही तपासणी पुढे ढकलून मागू शकतो, पण गाडी उघड धोक्याची असेल तर ती तपासल्यावाचून हलू देत नाहीत. लायसन किंवा विमा नसल्यास गाडी जप्त करण्याचा अधिकार मात्र तेथेही पोलिसाला २००५ च्या कायद्याने मिळाला. कागदाचा मोह त्यांनाही सुटलेला नाही. फरक एवढाच, की त्यांनी कागदाशेजारी लोखंड पाहणारा जाणता माणूस उभा केला.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारी आकडा आहे. एखादे मध्यम शहर एका वर्षात पुसले जावे, तसे हे झाले. असे असता कलमांचा कीस काढत बसण्यापेक्षा पोलिसाला मोकळे रान द्या, खटारा दिसला की उचलू द्या, असे पुष्कळांना वाटते. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना तर वाटणारच. परंतु या मृत्यूंत वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत, आणि सदोष गाड्याही आहेत. खटारा दिसला की उचलण्याचा अधिकार मिळाला, तर उचलला जाईल तो गरिबाचा रंग उडालेला टेम्पो. रंगरंगोटी केलेली, आतून गेलेली आरामगाडी सलाम घेऊन पुढे जाईल. कारण उघड्या डोळ्यांना रंग दिसतो, ब्रेक दिसत नाही. साधनावाचून अधिकार वाढवणे म्हणजे आंधळ्याच्या हाती अधिक लांब काठी देणे होय. ती कोणाला लागेल याचा नेम नाही, आणि न लागावी म्हणून काय द्यावे लागेल, ते सांगायला नको.

तेव्हा पोलिसाचा अधिकार कमी करा, असे माझे म्हणणे नाही. त्याला साधन द्या, त्याच्या शेजारी जाणता माणूस द्या, आणि पांजरपोळाचा न्याय कार्यालयातल्या टेबलावरून उचलून घाटाच्या पायथ्याशी आणा. ब्रेक तपासण्याची फिरती यंत्रे, आवाज मोजण्याची यंत्रे, टायरची झीज मोजण्याची पट्टी, यांत आकाशातून आणायचे असे काही नाही. दोष सापडला तर गाडी तिथेच थांबावी, मग तिच्याकडे कितीही ताजे कागद असोत आणि ती कोणाचीही असो, एस.टी.ची असो की आमदाराची. दोष दूर झाला की ती त्याच दिवशी सुटावी, मग मालक कितीही गरीब असो. अडवणे हे दुरुस्तीसाठी, दंड हा वेगळा.

दीडशे वर्षांपूर्वी लंगड्या घोड्याच्या बाबतीत जे पोराला कळत होते, ते मोटारीच्या बाबतीत आपल्या व्यवस्थेला कळावे, एवढेच मागणे आहे. शिपायाने हात केला, गाडी बाजूला घेतली, की आजवर पहिला शब्द कानावर येतो तो “कागद दाखवा.” तो येऊ दे, त्याचे काही नाही. पण त्यामागून कधीतरी दुसराही शब्द यावा, “आता ब्रेक मारून दाखवा.” घाटातून रोज शाळेत येणाऱ्या माझ्या पोरांना पहिल्यापेक्षा या दुसऱ्या शब्दाची गरज अधिक आहे.